बोलका दगड

दारात चपलांचा खच होता आणि जिन्यावर रांग. वरच्या खोलीत एक दगड बोलत होता.

"वीज नाही, बॅटरी नाही, लबाडी नाही!" भगव्या कफनीतले बाबा गर्जत होते. "शास्त्रज्ञांची बोबडी वळते इथं!"

टेबलावर शिशासारखा चकाकणारा करडा खडा होता. बाबा त्यावर बारीक तारेचं टोक टेकवत 'आत्मा शोधत'. सापडला की कानाला लावायची डबी समोरच्याच्या हाती देत. एक तार खिडकीतून गच्चीवर गेली होती, ती 'आत्म्यांची वाट'. दुसरी नळाला बांधलेली, ते 'भूमीशी नातं'. डबीतून परक्या भाषेतला क्षीण आवाज येई. त्याचा अर्थ फक्त बाबांना कळे.

माझा भाऊ गेल्यापासून वहिनी रोज संध्याकाळी इथं येत. "वन्सं, हे विचारतात, जेवलीस का," असं मला सांगत. मी ऐकून घेई. पण परवा आवाज अगदीच बारीक झाला. "गोळ्यांमुळे लहरी अडतात," बाबा म्हणाले, आणि वहिनींनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. म्हणून आज मीही रांगेत होते.

आमची पाळी आली. मी डबी कानाला लावली. पुरुषाचा आवाज होता, दमलेला. क्षणभर मलाही वाटलं, हा भावाचाच असावा.

मग मी पर्समधून एक डायोड काढला. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, दोन टोकांना दोन तारा. मी काम करते त्या कारखान्यात असेच डायोड बनतात.

"बाबा, तुमचा दगड जरा बाजूला ठेवते."

"शिवू नका! कोप होईल!"

"होऊ द्या की," मागून एक आजी म्हणाल्या. "आमचे हे जिवंतपणी रोजच कोपायचे."

हशा पिकला. तेवढ्यात मी खड्याकडे जाणाऱ्या तारा सोडवून डायोडला पिळल्या आणि डबी वहिनींना दिली.

"तोच आवाज," त्या पुटपुटल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता एक बाई गातेय."

"हे दूरचं रेडिओ केंद्र आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "गच्चीवरची तार त्याच्या लहरी पकडते. हा खडा शिसं आणि गंधकाचा. तारेचं टोक नेमक्या जागी टेकलं की तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, आणि लहरीवर स्वार झालेला आवाज सुटा होतो. बॅटरी लागत नाही, कारण लहरीतच तेवढी वीज असते. आम्ही कारखान्यात जर्मेनियम नावाचं मूलद्रव्य शुद्ध करून, त्यात दुसऱ्या पदार्थाचा कण मिसळून या डायोडकडून हेच काम करून घेतो. आवाज बारीक होतो तो टोक जरा सरकल्यामुळे; गोळ्यांचा लहरींशी काहीही संबंध नाही."

बाबा खडा फडक्यात गुंडाळू लागले. वहिनींनी डबी खाली ठेवली नव्हती.

"मग हे कुठं आहेत, वन्सं?"

"नाहीत, वहिनी."

वहिनींनी डबी टेबलावर ठेवली आणि माझ्या मागून जिना उतरल्या.

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी त्यातली एक वस्तू बदलून बघा. तरीही तो घडला, तर त्या वस्तूत काही दैवी नव्हतं. एवढं करायला पदवी लागत नाही. आणि डॉक्टरांची गोळी कुणाच्याही निरोपावरून सोडू नका.

घरी पोचल्यावर वहिनींनी कुलूप काढलं, दिवा लावला. मी पाणी दिलं, त्यांनी गोळी घेतली. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. माझ्या घरीही वाट बघणारं कुणी नव्हतं.

"वन्सं," त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"