डावीकडचं पाणी

तांबूस पिसाची ती खोटी माशी नीताच्या तळहातावर अशी बसली होती की फुंकर घातली तर उडून जाईल, आणि तिच्या पोटाखालचा गळ इतका बारीक, की दिसण्याआधी तो टोचलाच. कोंबड्याचं पीस, रेशमी दोरा, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं... इतकी वर्षं हा माणूस जेवणाच्या टेबलावर हे उद्योग करत आला आणि आपण टेबल पुसत आलो. आज पहिल्यांदाच ही वस्तू तिनं नीट पाहिली. सुंदर होती. हे मात्र त्याला सांगायचं नाही.

"बांधलीस का?" अवधूतनं विचारलं.

"थांबा हो. तुमच्या त्या गाठीला शेवटच नाही."

दिवाळीनंतर मेंदूत रक्ताची गुठळी झाली, तेव्हापासून त्याच्या बोटांना गाठी जमत नव्हत्या. बाकी माणूस सुखरूप परत आला होता – म्हणजे तसं तोच सर्वांना सांगायचा. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच का राहते, दाराची डावी चौकट खांद्याला का लागते, यावर तो बोलत नसे; आणि तीही निमूटपणे ताट फिरवून ठेवी.

पण आता त्याला हिमाचलला जायचं होतं. नोकरीतली उमेदीची वर्षं त्यानं तिकडच्या धरणांवर काढली होती, निवृत्तीनंतरही दर सप्टेंबरला तो एकटा जायचा. पावसाळा सरला की नदी उतरते, तळाचा गोटा न् गोटा दिसतो, आणि आपल्याला ट्राउट मासा दिसतो तसे त्यालाही आपण दिसतो, म्हणून लांबूनच, गुडघ्यावर बसून माशी टाकायची... हे सांगताना त्याचा आवाज इतका मऊ व्हायचा, की ऐन तारुण्यात तिला त्या माशाचा मत्सर वाटला होता. "आई, तू म्हणशील तसं," शार्दूल फोनवर म्हणाला होता. "तू हो म्हटलंस तरच मी तिकीट काढतो." म्हणून तर ती आज अवधूतबरोबर पनवेलहून इथं, नेऱ्याच्या पुढे, गाढी नदीवर आली होती. परीक्षा घ्यायला. त्याला न सांगता.

फेब्रुवारीतली गाढी घोट्याएवढी. फक्त खडकाखालच्या डोहात जरा खोल आणि नितळ. खालच्या अंगाला हौसा गोधड्या धूत होती. तिच्याच अंगणात अवधूत नेहमी गाडी लावायचा.

"काकी, आज तुमी पन?"

"हो गं, आज मी पण."

"पानीच नाय, मासं कुठं गावतील!" हौसा हसली आणि गोधडी पिळायला लागली.

अवधूत गुडघ्यावर बसला. काठी मागे गेली, दोर हवेत लांब उलगडला, क्षणभर थांबला आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. हात काही विसरला नव्हता. नीताला उगाच भरून आलं... आणि तेवढ्यात डोहाच्या डाव्या अंगाला, उंबराच्या सावलीत, पाणी हललं. एक वर्तुळ. पुन्हा एक. खाली रुपेरी पाठ, संथ, खात असलेली.

अवधूत उजवीकडे बघत होता. पुन्हा त्यानं उजवीकडेच माशी टाकली. "आज काही नाहीच," तो पुटपुटला.

म्हणजे झालं. उत्तर मिळालं. घरी जायचं, शार्दूलला सांगायचं – नको. कुणी तिला दोष देणार नव्हतं. आणि सप्टेंबर – तिच्या संसारातला पहिला सप्टेंबर – हा माणूस घरात असणार होता. किती सोपं! मासा अजून खातच होता. मग आपण निघत का नाही? समोरच्या पाठीवरचा शर्ट घामानं चिकटला होता. त्या पाठीला कळत नव्हतं की जगाचा एक तुकडा तिच्या शेजारीच चालू आहे. मी गप्प बसले, तर तो तुकडा त्याच्यापुरता कायमचा नाहीच...

"अहो, डावीकडे," ती म्हणाली. "आणखी डावीकडे. उंबराखाली."

त्याचा हात थबकला.

"तुला ठाऊक होतं?"

"ताट कोण फिरवून ठेवतं घरात?"

तो हसला की काय, खांदे हलले एवढं खरं. मग त्यानं मान पूर्ण वळवली, फार वळवावी लागली. "किती लांब?"

"पुढे. हात, दीड हात. आता."

माशी टेकली. मासा वर आला, तिच्याजवळ घुटमळला – नीतानं श्वास रोखला – आणि तोंड न उघडता खाली गेला.

"आला होता," ती म्हणाली. "अगदी आला होता हो!"

"कसा होता? सांग ना."

ती सांगू लागली. पाठ, कल्ल्याजवळचा पिवळा डाग, वळताना लखलखलेली कूस. तो डोळे मिटून ऐकत होता. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्याकडे बघतच नाही आहोत. शार्दूलला काय सांगायचं तेही मनात नाही. डोळे आपले आपणच सावलीत शिरले होते, एकेका गोट्यामागे, हावरटासारखे, आणि त्यांना आता तिथून निघायचं नव्हतं.