फीत नसलेला तुकडा

मी अर्धा मॉप बोलतोय. मॉप म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर ते तुमचं भाग्यच समजा. पोटाचं ऑपरेशन चालू असताना रक्त टिपायला जो जाड, पांढरा, रुमालाएवढा कपडा लागतो, तो मी. म्हणजे त्यातला अर्धा. उरलेल्या अर्ध्याची आठवण काढत मी इथे काचेमागे बसलोय.

जन्मलो तेव्हा अखंड होतो. चार पदरी कापड, एका कोपऱ्याला लांब फीत आणि फितीजवळ शिवलेला एक निळा दोरा. हा दोरा एक्स-रेत दिसतो. आम्ही कुठे हरवलो तर सापडावं म्हणून केलेली ती सोय. आम्ही दहा भावंडं एका गठ्ठ्यात बांधली गेलो, वाफेत शेकून निघालो आणि एका सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये सुटलो.

तिथे मोठ्या सिस्टर होत्या. माघारी सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. घरी पोरंही मोजूनच झोपवता का, असं डॉक्टर चिडवायचे. त्या हसायच्या, पण मोजणं सोडायच्या नाहीत. प्रत्येकाला बोट लावून, मोठ्यानं. मला त्या ‘तीन’ म्हणाल्या. आयुष्यात मला कुणी दिलेलं तेवढंच एक नाव. फळ्यावर दहाचा आकडा पडला.

टेबलावर शिवणकाम करणारी एक बाई होती. भूल द्यायच्या आधी तिनं एवढंच सांगितलं, की लेक बाहेर एकटी बसली आहे, तिला फार ताटकळत ठेवू नका.

ऑपरेशन रंगात आलं आणि आत खोलवर एका अरुंद जागी रक्त थांबेना. डॉक्टरांना लहान कपडा हवा होता, आत्ताच्या आत्ता. सिस्टरांनी हाताशी आलेल्या मला उचललं, कात्रीनं मधोमध कापलं आणि फितीचा भाग डॉक्टरांच्या हातात दिला; तो आत गेला आणि उरलेला मी वरचं रक्त टिपून बादलीत पडलो. अर्धा केल्याचं फळ्यावर लिहायला सांगायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात दुसरं काहीतरी हवं झालं आणि मनातलं मनातच राहिलं.

पोट शिवायच्या आधी दुसऱ्या सिस्टरनं बादलीतले मॉप मोजले. रक्तानं भिजून, गोळा होऊन पडलेले. नऊ भावंडं आणि मी. दहा भरले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बायांनो, मी पुरता नाही. पण कापसाला कुठला आलाय आवाज?

टाके पडले. डॉक्टर बाहेर जाऊन लेकीला सगळं छान झाल्याचं सांगूनही आले.

मोठ्या सिस्टरांची एक सवय होती. सगळं आटोपल्यावर त्या प्रत्येक मॉप उलगडून फितीनं दांडीवरच्या हुकाला अडकवत. या सवयीलाही सगळे हसायचे. नऊ हुक भरले. दहाव्याशी त्या मला घेऊन उभ्या राहिल्या. मला अडकवायला काही नव्हतंच. त्यांनी माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

त्या म्हणाल्या, “सर, पेशंट हलवू नका.”

“दहा भरलेत ना सिस्टर? मी लेकीला सांगून आलोय.”

“दहा भरलेत. पण हा अर्धा आहे. कापला मीच, लिहायचं राहिलं माझ्याकडून. पुन्हा जाऊन सांगा तिला.”

 डॉक्टरांनी एक्स-रेचं मशीन मागवलं. फोटोत निळ्या दोऱ्याची बारीक रेघ स्पष्ट उमटली होती.

टाके उसवले गेले आणि माझा अर्धा बाहेर आला. एका ट्रेमध्ये आम्ही शेजारी शेजारी पडलो, कापलेल्या कडेला कड लागेल असे. चार-पाच मिनिटं असेल. तेवढाच आमचा संसार. पुढे सिस्टरांनी स्वतःच्या हातानं झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल लिहिला आणि तो अर्धा पुरावा म्हणून चौकशीला गेला. कुठल्याशा कपाटात, फायलीला टाचलेला असेल. त्यालाही माझी आठवण येत असेल का?

मला सिस्टरांनी मागून घेतलं, धुतलं, वाफवलं आणि हात धुण्याच्या नळांवर काचेत लावलं. खाली लिहिलं, ‘मॉप कापायचा नाही.’ नव्या मुलींना त्या सगळी हकीकत सांगत, स्वतःचं नाव न वगळता. त्या बाईला खरं सांगायलाही त्याच गेल्या होत्या. बाई म्हणाली, “शिवण चुकली तर लोक वरून इस्त्री फिरवून देतात गिऱ्हाइकाला. तुम्ही उसवलीत.” 

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी काचेवर बोट टेकवून त्यांनी मला हळूच ‘तीन’ म्हटलं आणि गेल्या.

हात धुताना वर बघणाऱ्या मुलींनो, माझं एवढं ऐका. नुसता आकडा जुळला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. प्रत्येकाला उलगडून बघा, तो पुरता आहे ना ते पाहा.

मुली चांगल्या आहेत. दोघी मिळून, मोठ्यानं मोजतात. रोज सकाळी दारापलीकडून मला ऐकू येतं, एक, दोन, तीन. तीन म्हटलं की मी इथून ओ देतो. ती ओ ऐकणाऱ्या एकट्या मोठ्या सिस्टरच होत्या.