दहिवराची पाळी

चेरीची कळी उभी चिरली की आत मधोमध, तांदळाच्या दाण्याहून बारीक असा एक स्त्रीकेसर दिसतो. तो हिरवा असेल तर फळ धरतं, काळा असेल तर नाही. पाकळ्या मात्र दोन्ही वेळी सारख्याच पांढऱ्या आणि सारख्याच सुंदर असतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. एकोणीस एप्रिलच्या दुपारी ओइकावा चिझुने सासरच्या बागेतल्या सर्वांत खोलगट कोपऱ्यातल्या वीस कळ्या पात्याने चिरल्या. वीसच्या वीस हिरव्या निघाल्या. आता रात्री हवा तासभर जरी उणे दोन अंशांवर राहिली, तर उद्या यांतल्या बऱ्याचशा काळ्या.

"काय म्हणतात कळ्या?" सासूबाई तोयो यांनी ओसरीवरून विचारलं.

"आत्तापर्यंत ठीक आहेत."

"आत्ताचं मलाही दिसतंय. रात्रीचं काय?"

"शक्यता आहे."

"कसली?"

"दोन्हीची."

तोयोबाईंनी थोडा विचार केला. "मग मी सोब्याचं पीठ सांगून ठेवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हिनोकुरा खोऱ्यात बत्तीस घरं, आणि बत्तीस घरांच्या चेरीच्या बागा. दहिवर, म्हणजे कळ्या जाळणारं गोठलेलं दव, पडणार असेल त्या रात्री बागाबागांत रॉकेलचे डबे पेटवायचे, पण सगळ्यांनी एकाच वेळी. एकट्याने पेटवलं तर ऊब वर निघून जाते आणि शेजारची थंड हवा खालून सरकत येते. म्हणून दरवर्षी एका घराकडे पाळी असते. पाळीवाल्याने संध्याकाळी पाच वाजता गावच्या कर्ण्यावरून सांगायचं, पेटवायचं की नाही. पेटवायचं असेल तर लोक लवकर जेवून झोपतात आणि एक वाजता उठतात. आणि पेटवल्यावर दहिवर पडलंच नाही, तर पाळीवाल्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्याला सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, शेवया जेवू घालायच्या. उलट, पेटवा म्हटलं नाही आणि दहिवर पडलं, तर कोणी कोणाला काही बोलत नाही. ते आभाळाचं काम.

या नियमामुळे खोऱ्यातले लोक बोलण्यात फार तरबेज झाले होते. गेल्या वर्षीचा पाळीवाला कर्ण्यावरून म्हणाला होता, "गारठा जाणवल्यास ज्याने त्याने आपापल्या मनाशी विचार करावा." सगळ्यांनी मनाशी विचार केला आणि अर्धं पीक गेलं. सहा वर्षांपूर्वी पाळी होती चिझुच्या नवऱ्याची, काझुमाची. तो कर्ण्यासमोर उभा राहिला, दोनदा खोकला आणि घरी आला. अर्ध्या खोऱ्याने तो खोकला होकार मानला, अर्ध्याने नकार. पेटवणाऱ्यांची ऊब न पेटवणाऱ्यांच्या डोक्यावरून निघून गेली आणि फुलं दोघांचीही सारखीच काळी पडली. गावात त्याला अजून खोकल्याचं वर्ष म्हणतात. शेजारी जिन्पाची नावाचे एक आजोबा राहतात, त्यांच्या नातीचा जन्म खोकल्याच्या वर्षीचा.

खोकला म्हणजे घोषणा नव्हे, हे ठरायला गावाला सहा वर्षं बैठका घ्याव्या लागल्या. अखेर ठरलं, की ओइकावांची पाळी अजून बाकी आहे, आणि या वेळी त्या घरातल्या हवामान कळणाऱ्या माणसाने बोलावं.

चिझु जिल्ह्याच्या शेती कचेरीत होती. वसंतातल्या हवामानाच्या अंदाजाचं पत्रक तीच लिहायची. सतरा वर्षांत तिचं एकही वाक्य चुकीचं ठरलं नव्हतं. यंदाचं होतं: 'तापमान सरासरीइतकं किंवा त्याहून अधिक राहील, मात्र काही ठिकाणी, काही दिवशी, ते कमीही राहू शकेल.'

तीन वाजता जिन्पाची आजोबा कुंपणाशी आले. वय त्र्याऐंशी, आणि सगळं वय याच खोऱ्यात गेलेलं.

"सूनबाई, तुझं पत्रक मी संडासात लावलंय. रोज वाचतो. अजून चूक सापडली नाही."

"त्यात चूक नाहीच, आजोबा."

"तेच म्हणतोय मी. असं पत्रक मलाही लिहिता येईल. जिन्पाची आज जगेल किंवा त्याहून अधिक. मात्र काही ठिकाणी मरूही शकेल."

चिझुला हसू आलं, पण तिने ते वहीत दडवलं. "तुमचा पेरकरी काय म्हणतो?"

समोरच्या डोंगरावर बर्फ वितळायला लागलं की बी पेरणाऱ्या म्हाताऱ्याची आकृती उमटते. त्याचा उजवा हात बर्फातून मोकळा झाला की दहिवराचे दिवस सरले, असं आजोबांचं शास्त्र.

"कालच हात मोकळा झाला त्याचा. संपलं दहिवर. मी आज पाय पसरून झोपणार."

चिझुने त्यांच्या बागेकडे पाहिलं. झाडांच्या ओळींमधून निळ्या ताडपत्रीचे उंचवटे होते.

"मग ते ताडपत्रीखाली काय आहे?"

"डबे."

"रिकामे?"

"भरलेले. रिकामे वाऱ्याने उडतात."

"आज वारा कुठाय?"

"तेच तर वाईट आहे," आजोबा बोलून गेले, आणि मग बराच वेळ बुटावरची माती काढत बसले.

साडेचारला चिझु टेकडीवरच्या सभाघराकडे निघाली. कर्णा तिथे होता. वहीतला हिशोब तिला पाठ होता. शहरातल्या तापमापकावर रात्री साडेतीन अंश अपेक्षित. पंधरा वर्षांच्या नोंदींप्रमाणे वारा पडलेल्या, निरभ्र रात्री सासरचा खोलगट कोपरा त्याहून साडेपाच अंशांनी थंड असतो. म्हणजे उणे दोन. ढग आले तर फरक फक्त एका अंशाचा, आणि मग काहीच होत नाही. पश्चिमेला ढगांचा एक पातळ पट्टा होता. तो रात्री बाराला येऊ शकत होता किंवा पहाटे चारला. चिझुने दुसराही हिशोब केला होता: एकतीस घरं, अठ्ठ्याण्णव माणसं, माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहा किलो पीठ.

सभाघराच्या पायरीवर तोयोबाई बसल्या होत्या. शेजारी आंघोळीच्या टपाएवढं पातेलं.

"देवळातून आणलं," त्या म्हणाल्या. "पीठही सांगितलंय, बारा किलो. आता तू मोकळ्या मनाने चूक."

"आई, मी चुकणार असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण सतरा वर्षं चुकली नाहीस. एखादी साठली असेल."

चिझु आत गेली. खिडकीतून सगळं खोरं दिसत होतं. तिने सवयीने मोजायला सुरुवात केली. जिन्पाची आजोबांच्या बागेत निळे उंचवटे. त्यापलीकडे हिरवे. गेल्या वर्षीच्या पाळीवाल्याकडे तर दोन रांगा. एकतीसच्या एकतीस बागांत डबे मांडलेले होते आणि एकतीसच्या एकतीस घरांनी ते झाकलेले होते.

तिच्या खिशात लिहून आणलेलं वाक्य होतं: 'पहाटे सखल भागांत तापमान शून्याखाली जाण्याची मध्यम शक्यता असून आवश्यकतेनुसार खबरदारी घ्यावी.' त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. हे ऐकून अर्धे पेटवतील आणि अर्धे झोपतील, हे तिला खिडकीशी उभं राहून स्वच्छ दिसलं. तोही खोकलाच होता, फक्त जरा लांब आणि व्याकरणशुद्ध.

कर्ण्यावर रोजची पाचची धून वाजली आणि थांबली. चिझुने कळ दाबली.

"मी ओइकावा चिझु बोलतेय. आज रात्री शक्यता..."

खाली बागांमध्ये माणसं जागच्या जागी उभी राहिली. जिन्पाची आजोबांनी कानामागे हात धरला. पश्चिमेचा ढग जिथे होता तिथेच होता. चिझुने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी.

एवढ्यात मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या तोयोबाईंच्या घशात काहीतरी खरखरलं.

"आई, खोकू नका," चिझु म्हणाली. ते कर्ण्यावरून सगळ्या खोऱ्यात गेलं, आणि खालून कुठूनतरी हसणं वर आलं. तोयोबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

चिझुने हसणं थांबू दिलं.

"दहिवर नाही पडलं, तर उद्या बारा वाजता आमच्याकडे सोबा," ती म्हणाली. "आज पेटवायचं. सगळ्यांनी, बरोबर एक वाजता."