दुसऱ्यांदा सांगताना

"वेग कमी करू का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, वाढवा," पोरगी म्हणाली.

कॉलेजच्या या खोलीत कॉम्प्युटर पुस्तकं वाचून दाखवायचा. बाबांनाही ऐकता यावं म्हणून मॅडमनी आवाज स्पीकरवर घेतला होता. पहिली दोन वाक्यं बाबांना कळली. मग वेग वाढला आणि त्यांना नुसती गुणगुण ऐकू यायला लागली, डब्यात माशी अडकल्यासारखी. पोरगी मात्र डोळे मिटून खुशीत मान डोलवत होती. वाचून झाल्यावर तिने रक्ताभिसरणाचं अख्खं पान घडाघडा सांगितलं.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "वाचायला बसली की अडखळते, पण ऐकण्यात हिचा हात कोण धरणार? आतापर्यंत कोण वाचून दाखवायचं?"

"मी," बाबा म्हणाले. एरवी हे उत्तर ते छाती फुगवून देत.

बाबा बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत. तिथे सगळे त्यांना भोंगा म्हणत आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. सावकाश बोलायचं, स्पष्ट बोलायचं आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हा तिथला नियम. पोरीला डिस्लेक्सिया आहे हे दुसरीत कळलं. तिची आई त्याआधीच गेली होती. तेव्हापासून ड्यूटीवरून आले की बाबा मिठाच्या पाण्याने गुळण्या करत, पुस्तक उघडत आणि प्रत्येक परिच्छेद सावकाश, स्पष्ट, दोनदा वाचत. पोरगी शाळेत कायम पहिली. श्रेय कोणाचं, हे सांगायला भोंग्याची गरज नव्हती.

म्हणूनच घराजवळचं कॉलेज त्यांनी मनात पक्कं केलं होतं. तिथले लोक पेपरला जादा वेळ द्यायला तयार होते. 'वाचून दाखवायचं मात्र तुमचं तुम्ही बघा,' असं त्यांनी बजावलं, ते तर बाबांच्या पथ्यावरच पडलं. पोर घरी राहणार, संध्याकाळचं वाचन चालू राहणार. हे लांबचं कॉलेज शाळेतल्या बाईंनी सुचवलं, म्हणून बघून तर येऊ, एवढंच.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर बाबांनी विचारलं, "मी फार हळू वाचायचो का गं?"

"नाही हो बाबा."

"खरं सांग."

ती चपलेशी चाळा करत राहिली. "थोडं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? सगळं दोनदोनदा ऐकत बसलीस!"

"पहिल्यांदाच कळायचं मला," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा वाचायचात ना, तेव्हा मी नुसती तुमच्याकडे बघत बसायचे. आवडायचं मला."

आपण पोरीला हात धरून पुढे नेतोय, असं बाबा समजत होते आणि तीच त्यांच्यासाठी थांबत थांबत चालली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

"मी जवळच्याच कॉलेजात जाते," ती म्हणाली. "तुम्ही एकटे काय कराल?"

"माझ्या गुळण्या तरी सुटतील," बाबा म्हणाले. "इथेच यायचं. इथेच यायचं."

दोनदा ऐकून ती हसली आणि मग तिला रडू आलं.

ती निघाली त्या सकाळची ड्यूटी बाबांनी मागून घेतली. बॅग वर चढवून, कंडक्टरला पोरीकडे लक्ष ठेवायला सांगून ते केबिनमध्ये जाऊन बसले. काचेतून गाडी दिसत होती. त्यांनी माईक जवळ ओढला. गाडी कुठे जाणार, कुठे उभी आहे, सगळं सावकाश, स्पष्ट सांगितलं. पोरगी खिडकीत पाणी पीत होती. नियमाप्रमाणे त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा तिने बाटली खाली ठेवली आणि ती काचेकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदाही सांगून झालं. बाबांनी माईक बंद केला नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्यांनी तिसऱ्यांदा सुरू केलं. शेजारचा कारकून चमकून बघायला लागला. गाडी मागे सरकली, वळली आणि फाटकाबाहेर गेली. बाबांनी घोषणा पूर्ण केली.

"...फलाट क्रमांक चारवर उभी आहे."