मोड मक्तेदाराची

स्वस्त मिळालं की माणसाची अक्कल गहाण पडते, हे मी माझ्याच घरात उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून. दिवसभर पोती मोजायची आणि डोक्यावर स्टेशनाचं ते मोठं घड्याळ. घरी आले तरी घड्याळ काही डोक्यातून उतरायचं नाही. भात शिजायला इतका वेळ का लागला, हेसुद्धा विचारणारा माणूस.

त्या वैशाखात आमची सगुणा बाळंतपणाला यायची होती. आंबिवलीला दिलेली. तिचं पहिलं मूल सासरी जन्मतःच गेलं आणि ती स्वतः कशीबशी वाचली. या खेपेला मी विहीणबाईंपुढे पदर पसरला, म्हटलं, पोर माझ्याकडे पाठवा, मी जिवापाड सांभाळते. मधली खोली तिच्यासाठी धरून ठेवली होती. माझी सगळी बाळंतपणं त्याच खोलीत झाली. तिच्या छपराचे दोन वासे तेवढे कुजले होते, ते पावसाच्या आत बदलायचे होते. काम एवढंच.

धाकू सुताराला बोलावलं. गावातला जुना सुतार, हात चांगला, पण तोंड फाटकं, आणि घटकाभर काम केलं की तंबाखू मळत बसणार. त्यानं आपला रोज सांगितला आठ आणे, गड्याचे तीन. लाकूड तुमचं तुम्ही आणा, निघेल ते जुनं तुमचंच. रोजावरच्या कामाचा कल्याणात हाच रिवाज. ह्यांनी पहिल्याच दिवशी रजा काढून अंगणात पाट टाकला आणि बसले त्याच्यावर नजर ठेवून. करवत किती वेळ चालली, तंबाखू किती वेळ चालली. संध्याकाळी म्हणाले, "धाकू, मी तासावर देईन. हात चालेल तेवढ्याच तासांचे."

"आणि वासा काढायच्या आधी मी खाली बसून वर बघतो, ते?"

"बघायचे पैसे नाहीत."

"मग एखादा आंधळा सुतार शोधा," असं म्हणून धाकूनं हत्यारं गोणत्यात भरली नि चालता झाला. हे हसले. म्हणाले, गेला तर गेला, सुतारांचा काय दुष्काळ पडलाय?

दुष्काळ नव्हताच. दोन दिवसांत काळुराम मिस्त्री दारात उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं होतं, देव जाणे. पांढरं स्वच्छ पागोटं, बोलणं लोण्यासारखं, आणि सुतार म्हणवून घेणाऱ्याच्या नखात भुशाचा कण नाही. गोगलगाय नि पोटात पाय, असलं माणूस मला लांबून ओळखू येतं. तो म्हणाला, "साहेब, रोज नको नि तास नको. सगळं काम उक्तं द्या, एकरकमी. लाकूडसुद्धा माझंच." आणि आकडा सांगितला तो धाकूच्या रोजांचा हिशेब धरला तर त्याच्या निम्मा. "फक्त मोड माझी."

उक्त्या कामात घरातून निघालेलं जुनं सामान मक्तेदार घेऊन जातो. मोड मक्तेदाराची, हाही रिवाजच. ह्यांना वाटलं, दोन कुजके वासे, ने बाबा. शेजाऱ्यांच्या देखत सुपारी देऊन सौदा ठरला.

"निम्म्यात कसं परवडतं त्याला?" मी रात्री वाढताना विचारलं.

"ते त्याचं तो बघेल. तुला काय करायचंय?"

मला काय करायचं होतं! पोर त्या छपराखाली निजणार होती माझी.

वासे निघाले. मग काळुराम शिडीवरून म्हणाला, "वहिनी, ऐका, तुळई पोकळ वाजतेय." त्यानं ठोकून दाखवलं. मला काही पोकळ ऐकू आलं नाही. तो खाली उतरला आणि मूठ उघडून पिवळा भुसा दाखवला. वाळवी, म्हणाला. ती मूठ त्यानं शिडी चढतानाच मिटलेली होती, हे मी पाहिलं होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, जादा एक पै मागत नाहीये तो. आणखी काय पाहिजे तुला?"

खरंच मागत नव्हता. उक्तं म्हणजे उक्तं, साहेब, असं म्हणायचा आणि पुढच्या लाकडाला हात घालायचा. मधल्या खोलीची तुळई गेली. ओसरीचे खांब गेले. मग स्वयंपाकघरावरचं छप्पर. दर वेळी ती मिटलेली मूठ, तो पिवळा भुसा. जुनं लाकूड गोणपाटात गुंडाळून त्याचे गडी भरदुपारी गाडीवर घालायचे, मी आंघोळीला किंवा पाण्याला गेलेली बघून. नवं लाकूड यायचं ते आधीच काळं तेल फासून. त्या तेलाखाली साग आहे की आंबा, काय कळणार? घरभर तेलाचा वास. आणि उन्हं चढली की वर कुठेतरी कट् कट् वाजायला लागलं. त्या घरात मी लग्न होऊन आले होते, कधी असला आवाज ऐकला नव्हता. मला माझ्याच घरात भीती वाटायला लागली.

सगुणा आली. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. ती वर बघत म्हणाली, "आई, घर आपलं वाटत नाही गं."

"नवं झालंय ना," हे म्हणाले.

बाळंतिणीच्या पाण्याला जळण लागतं म्हणून मी एका सकाळी रेतीबंदराकडच्या लाकडाच्या वखारीत गेले. तिथं ढलप्या स्वस्त मिळतात. करवत्यांनी एक मोठी तुळई घोडीवर चढवली होती. तिच्या मधोमध लोखंडी कडी होती, आणि कडीशेजारी लाकडाला खोल घळ पडली होती. मी जागीच उभी राहिले. ती कडी पाळण्याची. सगुणा त्याच पाळण्यात झोपली. आणि घळ दोराची. आमच्याकडे कळा सुरू झाल्या की बाळंतीण तुळईला बांधलेला दोर धरते, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकते. माझ्या सासूनं टाकला, मी टाकला. ती घळ आमची होती.

करवत खाली गेली तसं आतलं लाकूड दिसलं, मधासारखं, कुठे एक भोकसुद्धा नाही.

"असला साग आता बघायला मिळत नाही बाई," करवत्या म्हणाला. "कुण्या येड्यानं मोडीत दिलाय."

जळण तिथंच टाकून मी धावत सुटले. घराशी आले तर रंगूबाई सुईण आधीच आत होती, सगुणाला कळा लागल्या म्हणून शेजारणीनं तिला आणलं होतं. नव्या तुळईवरून दोर टाकलेला होता. गाठ मारून झाली होती. सगुणा उठून दोराकडे यायला लागली होती, आणि बाहेर ओसरीवर काळुराम शेवटचा हप्ता न्यायला बसला होता, हे त्याचे पैसे मोजत होते.

"सगुणे, हात लावू नकोस," मी म्हटलं. मग ओसरीकडे वळले. "मिस्त्री, आत या. माझ्या पोरीच्या आधी तुम्ही ओढून दाखवा."

"वहिनी, बाळंतिणीच्या दोराला पुरुषानं हात लावू नये. अपशकुन होतो."

"अपशकुन माझ्या डोक्यावर. ओढा तुम्ही."

तो उंबऱ्यापर्यंत आला. तुळईकडे एकदा पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. ते पाऊल ह्यांनी पाहिलं. ह्यांचा चेहरा पार उतरला, पण मान काही खाली जाईना. "हो बाजूला, मीच ओढतो," मला म्हणाले, आत आले आणि दोराला लोंबकळले.

आवाज मोठा नव्हता. ओली काठी मोडावी तसा. ह्यांच्या केसांवर, खांद्यांवर पिवळा भुसा पडला. काळुरामाच्या मुठीतला तोच भुसा. तुळई मधोमध वाकली आणि तशीच राहिली. मी ओसरीकडे पाहिलं तर पैसे न घेताच काळुराम निघून गेला होता.

सगुणाला आम्ही दोघींनी धरून अंगणात आणलं, आंब्याखाली लुगड्यांचा आडोसा केला. पोर घामानं निथळत होती. "आई, धरू कशाला?"

"मला धर."

तिनं माझ्या गळ्याला मिठी घातली आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मान मोडते की काय असं वाटलं, पण मी पाय रोवून उभी राहिले. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. रडली. ते रडणं ऐकून मी रंगूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसढसा रडले.

त्याच संध्याकाळी हे स्वतः जाऊन धाकूला घेऊन आले. वाटेत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अंगणात आल्यावर म्हणाले, "रोज काय तो सांग, मी देतो." धाकू अंगणात बसला, तंबाखू मळायला घेतली आणि घराकडे बघत राहिला. या खेपेला घड्याळाचं नाव कुणी काढलं नाही.

"काय काय बदललंय?" त्यानं विचारलं.

हे बोटांवर सांगायला लागले. मधली तुळई, वासे, ओसरीचे खांब, स्वयंपाकघर... आणि मध्येच थांबले.

"सगळंच," मी म्हटलं.

धाकूनं हातातली तंबाखू मातीत झटकली. "आत कोण आहे?"

"कुणी नाही. बाळ-बाळंतीण आंब्याखालीच आहेत."

"मग आता कुणी जाऊ नका."

"देव आत आहेत," हे म्हणाले. "पाळणा आत आहे."

धाकू उठून दोन पावलं मागे सरला आणि आम्हालाही हातानंच मागे सरकवलं. आतून परत कट् असा आवाज आला. या खेपेला दोर कुणीच धरलेला नव्हता.