पात्याचं टोक

आत्याला कुणी विचारलं, "हे कशाचं चित्र आहे?" की ती म्हणायची, "कशाचंच नाही." आणि खरोखर ते कशाचंच नसायचं. पेन कागदावर टेकवायचं आणि हात नेईल तिकडे जायचं. गोल, वळसा, जाळी, खवले, पुन्हा वळसा, असं करत पान कोपऱ्यापर्यंत भरून काढायचं. शाळेत असताना तिने गणिताच्या वह्यांचे समास असेच भरले होते आणि त्यापायी छड्याही खाल्ल्या होत्या. आता तोच रिकामा उद्योग लोक भिंतीवर लावायला मागत होते. गणित मात्र अजून कच्चंच होतं.

भरलेल्या पानातून ती काही रेघा निवडायची, त्या जाड रंगीत कागदांवर उतरवायची आणि बारीक पात्याने कोरायची. मग ते कोरलेले कागद एकावर एक बसवायचे आणि मध्ये फोमच्या चिकट पट्टीचे तुकडे लावायचे. त्यामुळे प्रत्येक थर खालच्या थरापासून जरा उचललेला राहतो, सावली पडते, आणि बघणारा माणूस भोकांतून आत आणि आणखी आत बघत राहतो. या वेळचं चित्र निळ्या रंगाच्या सात थरांचं होतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या दवाखान्यातल्या बाकासमोर लावायला मागितलं होतं. "खुर्चीत बसायच्या आधी माणसाचं चित्त कुठेतरी गुंतलं पाहिजे हो, नाहीतर पळून जातात," त्या म्हणाल्या होत्या.

आत्याचा एक नियम होता. जाड कागदात वळण घेताना पात्याचं टोक कधीतरी मोडतं. मोडलं की हातातलं काम तिथेच ठेवायचं, टोक शोधायचं, चिकटपट्टीवर उचलायचं आणि झाकणाला चीर पाडलेल्या डबीत टाकायचं. टोक सापडेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. ही बाई दूध उतू घालवेल, किल्ली आत ठेवून दार ओढून घेईल, स्वतःच्या वाढदिवसाला दुसऱ्याला शुभेच्छा देईल, पण टोकाच्या बाबतीत तिने कधी हयगय केली नव्हती. तिळाच्या निम्म्याएवढं असतं ते, आणि दोन्ही बाजूंनी धार.

आता तिच्याकडे दिवसभर भाची असायची. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. नुकतीच रांगायला लागलेली, आणि अंगाने अशी की सगळे तिला ढब्बू म्हणायचे. भाऊ कामासाठी परगावी होता, भावजयीचं ऑफिस पुन्हा सुरू झालं होतं आणि पाळणाघरात जागा नव्हती. पहिल्या दिवशी भावजयीने कामाच्या खोलीच्या दारात उभं राहून टेबलावरची पाती बघितली होती.

"ताई, ही खोली बंद असेल ना?"

"अगं, मी काय खुळी आहे का?" आत्या म्हणाली होती. आणि आजवर तिने ती बंद ठेवलीही होती.

त्या दिवशी ढब्बू शेजारच्या खोलीत गादीवर झोपली होती. तिचा आवाज यावा म्हणून आत्याने दार किलकिलं ठेवलं होतं आणि ती सगळ्यात वरचा थर कोरत बसली होती. शेवटचं वळण संपता संपता पातं कट्कन मोडलं. नेमकं त्याच क्षणी शेजारून धप्प असा आवाज आला आणि ढब्बूने भोकाड पसरलं.

आत्याने तळहाताने टेबलावरची कात्रणं बाजूला लोटली आणि ती धावली. गादीवरून लोळून खाली आली होती बया. लागलं काही नव्हतं, नुसती घाबरली होती. पण कडेवरून उतरायला तयार होईना. तिला घेऊन आत्या कामाच्या खोलीतला दिवा बंद करायला गेली, तर जमिनीवर सांडलेली निळी कात्रणं बघून ढब्बू एकदम गप्प झाली. ती गप्प झाली, याचंच आत्याला इतकं हायसं वाटलं की तिने तिला टेबलापाशी चटईवर बसवलं. एवीतेवी इथे आलोच आहोत, तर वरचा थर बसवून टाकावा. आत्याने फोमचे तुकडे लावले, थर ठेवला, चारी बाजूंनी दाबला. मग पातं उचललं. पात्याला टोक नव्हतं.

तिने खाली बघितलं. ढब्बूचं तोंड हलत होतं.

आत्याने तिला उचललं आणि तोंडात बोट घातलं. इकडून तिकडे फिरवून तिने भिजलेलं एक निळं कात्रण बाहेर काढलं. कात्रणाबरोबर बोटाला लाल लागून आलं. ढब्बूच्या खालच्या ओठावरही लाल ठिपका होता.

ती तशीच खाली बसली. मोबाईलचा दिवा लावून तिने पुन्हा ते तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण ढब्बूने मान फिरवली आणि हात झाडले. थोडी रडली आणि मग आत्याच्या चष्म्याशी खेळायला लागली. रडत राहिली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं. हसणाऱ्या पोरीच्या आत काय चाललंय, ते कसं कळणार?

तिने ढब्बूला शेजारच्या खोलीत उशांच्या मध्ये बसवलं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि शोधायला लागली. चिकटपट्टीने सगळी चटई टिपून काढली. टेबल टिपलं, स्वतःचा पदर टिपला. एकेक कात्रण उलटंपालटं केलं. फ्रीजच्या दारावरचं लोहचुंबक आणून जमिनीवरून फिरवलं, त्याला केसाची एक गंजलेली पिन तेवढी चिकटली. सारखं उठून ती ढब्बूकडे बघून येत होती. ढब्बू उशीचं टोक चघळत होती आणि प्रत्येक वेळी आत्याला बघून खूश होत होती.

मग तिच्या मनात आलं, टोक चित्रात असेल. वरचा थर बसवताना आत अडकलं असेल. असेलच! ते चित्रात असेल तर ते पोटात नाही. देवा, चित्रात असू दे, असं ती मोठ्याने म्हणाली. एरवी ती देवाच्या वाटेला फारशी जात नसे.

तिने चित्र समोर घेतलं. नवीन पातं लावलं आणि ते फोमच्या खाली हळूच सरकवून वरचा थर सोडवला. त्यात नव्हतं. दुसरा थर नाजूक होता, जाळी केसाएवढी बारीक; तो सोडवायला बराच वेळ लागला. त्यातही नव्हतं. तिसरा थर उचलताना कागदाचा एक धागा तुटतोय असं वाटलं आणि ती पुटपुटली, "जपून, जपून."

आणि तिचा तिलाच तो शब्द ऐकू आला. कुणाला जपून म्हणत होती ती? कागदाला. पलीकडच्या खोलीत पोर होतं, त्याच्या पोटात कदाचित पोलाद होतं, आणि ही इथे जाळी फाटू नये म्हणून श्वास रोखून बसली होती. आत्याला स्वतःची शिसारी आली. तिने उरलेलं चित्र दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. निळे तुकडे झटकले, तळाचा पुठ्ठा झटकला. काहीच पडलं नाही.

तिने भावजयीला फोन लावला.

"अगं, ऐक. पात्याचं टोक मोडलंय. सापडत नाहीये. ढब्बूच्या ओठाला रक्त आलंय."

मग भावजय म्हणाली, "गाडी करा आणि तिला घेऊन निघा. मी परस्पर दवाखान्यात येते. पाणी पाजू नका." तिने एकदाही विचारलं नाही की ढब्बू त्या खोलीत गेली कशी. तो प्रश्न वाटभर आत्याने स्वतःच स्वतःला विचारला.

गाडीत तिने ढब्बूला उभी धरली होती. रस्त्यात खड्डा आला की आत्याचे डोळे मिटत. "किती शांत बाळ आहे हो, आमचं कार्टं तर गाडी डोक्यावर घेतं," ड्रायव्हर म्हणाला, आणि आत्याने घाबरून ढब्बूला गदागदा हलवलं. ती नुसती झोपाळली होती. आता मात्र ती ओरडली, आणि आत्याच्या जिवात जीव आला.

भावजय दारातच उभी होती. तिने मुलीला घेतलं आणि आत्याकडे न बघता आत चालू लागली. डॉक्टर तरुण होते, आवाज शांत होता. त्यांनी ओठ बघितला, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "एक्स-रे काढू. लोखंड असेल तर दिसेलच."

एक्स-रेच्या खोलीतल्या माणसाने जड कोट पुढे केला. "बाळाला धरायला कुणीतरी लागेल. आई धराल ना? गरोदर वगैरे नाही ना?"

भावजय जागच्या जागी थांबली. "आहे," ती म्हणाली. हे आत्यालाही माहीत नव्हतं. भावाला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. भावजयीने मान वळवून पहिल्यांदा आत्याकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतंच तिथे.

"ताई धरतील," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

आत्याने कोट चढवला. थंड फळीवर ढब्बूला उताणी निजवली, तिच्या दोन्ही बगलांखाली हात घालून बरगड्यांपाशी घट्ट धरलं. ढब्बू रडता रडता थांबली आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागली. या पोरीचा माझ्यावर अजून विश्वास आहे, असं आत्याच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. "हलू नका," तो माणूस पलीकडून ओरडला.

पडद्यावर चित्र उमटलं. बरगड्यांच्या बारीक रेघा, मधे मणके, सगळं इतकं रेखीव की दुसऱ्या कुठल्याही दिवशी आत्या त्यात हरवून गेली असती. आणि डाव्या बरगडीशी एक पांढराशुभ्र ठिपका. गोल नाही, तिरपा. एका बाजूने निमुळता. तो आकार तिने इतक्या वेळा चिकटपट्टीवर उचलला होता की तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

"आहे," ती म्हणाली.

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. बराच वेळ ठिपका निरखत राहिले, आणि त्या वेळात आत्याने काय काय बघितलं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही.

"बाळाला धरलं कुणी होतं?"

"मी."

"हे बघा, ही तुमची बोटं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बरगड्यांवर फिकट, लांबोडकी हाडं आडवी पसरली होती. "यात सगळं एकावर एक दिसतं. ठिपका बाळाच्या आत आहे की बाळाच्या वर, ते यावरून कळत नाही. हात काढून परत घेऊ."

सगळा जन्म थर लावण्यात गेला आणि एवढी साधी गोष्ट आत्याच्या डोक्यात आली नव्हती. भीतीने माणसाची अक्कल अशी गहाण पडते.

दुसऱ्या वेळी नर्सने ढब्बूला खांद्यांपासून वर आणि गुडघ्यांपासून खाली धरलं. ढब्बूने दवाखाना दणाणून सोडला. पडद्यावर बरगड्या होत्या, मणके होते, पोट होतं. ठिपका नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बघितलं, आणि मग आत्याचा उजवा हात मागितला.

टोक तर्जनीत होतं. त्या बोटाची कातडी इतक्या वर्षांच्या गोंदाने आणि घट्ट्यांनी चामड्यासारखी झाली होती. कात्रणं लोटताना ते आत शिरलं असणार, आणि आत्याला नेहमीच्या ओरखड्याएवढंही जाणवलं नव्हतं. डॉक्टरांनी चिमट्याने ते काढून ताटलीत टाकलं.

"म्हणजे ओठावरचं रक्त तुमचंच. तोंडात शोधलंत ते कुठल्या बोटाने?"

आत्याने तेच बोट बघितलं. डॉक्टरांनी दिवा घेऊन ढब्बूचं तोंड पुन्हा नीट तपासलं. "हिरडीवर एक ओरखडा आहे. बारीक आहे, भरून येईल. टोक जरा बाहेर असतं तर..." त्यांनी भावजयीकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. ढब्बू रडून रडून आईच्या खांद्यावर झोपली होती.

"कधी मोडलं होतं?" भावजयीने विचारलं.

आत्ताच, फोनच्या जरा आधी, असं म्हणता आलं असतं. कोण विचारायला जाणार होतं?

"बराच वेळ झाला होता," आत्या म्हणाली. "ती गादीवरून पडली तेव्हा. मीच तिला त्या खोलीत नेलं. आधी खाली शोधलं, मग चित्र उघडलं. आणि ते फाटू नये म्हणून हळूहळू उघडत बसले गं. तुला फोन करायचा सोडून."

भावजयीने ढब्बूला खांद्यावर जरा वर सरकवलं. आत्या ओरडा खायची वाट बघत होती. तो खाल्ला असता तर तिला मोकळं वाटलं असतं.

"मग? चित्र वाचलं का?"

"नाही. फाडलं शेवटी."

"हं." भावजयीने डोळे पुसले. "उद्या सकाळी तिला सोडते. नेहमीसारखी. त्या खोलीला तेवढं कुलूप घाला."

"माझ्याकडे?" आत्या म्हणाली. "अगं, नको. पाळणाघराला विचार. हातापाया पड त्यांच्या, देतील जागा."

"पाळणाघरातल्या बाईने मला हे सगळं सांगितलं असतं?" भावजय म्हणाली. मग ती उठली. औषधाची चिठ्ठी घेऊन खिडकीशी जायचं होतं, आणि झोपलेलं पोर घेऊन रांगेत उभं राहायची ताकद तिच्यात उरली नव्हती. "धरा हिला."

आत्याने दोन्ही हात मागे नेले. भावजय तशीच वाकून उभी राहिली. शेवटी आत्याने पट्टी बांधलेलं बोट लांब, वर धरलं आणि बाकीच्या बोटांनी आणि दुसऱ्या हाताने ढब्बूला घेतलं. ढब्बूने झोपेतच तिच्या मानेशी डोकं खुपसलं. भावजय रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. आत्याला इतकी भीती दिवसभरात वाटली नव्हती.