एकेक करून जोडायचं

त्या रविवारी दुपारी बाबा टेबलाखाली होते आणि मी टॉर्च धरून बसले होते. त्यांचे पाय तेवढे बाहेर होते, एका पायात चप्पल, दुसरी बाजूला उलटी पडलेली.

"उजेड माझ्या टकलावर नको, पंडितबाई. भोकांवर पाड."

"कुठल्या भोकांवर?"

"एवढी पुस्तकं वाचलीस, एकातही साउंड कार्ड आलं नाही?"

"आलं होतं. त्यातल्या माणसाने सरळ मेकॅनिक बोलावला."

टेबलाखालून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डोकं आपटल्याचा.

आईला कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तिने ते कधीच कपाटात ठेवून दिलं. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही मोफत सिस्टिम घातली, टेबलाच्या एका बाजूला स्वतःसमोर माइक ठेवला आणि दुसऱ्या बाजूला आईच्या कानावर जाडजूड हेडफोन चढवला. तिला जे स्वर ऐकू येत नाहीत, तेवढेच ते मशीन उचलून द्यायचं. तिच्या कानाची ही पट्टी, म्हणजे कुठला स्वर किती उचलायचा ते, बसवायला त्यांना वर्षं लागली.

आमच्या घरात बाकी सगळं ओरडून चालायचं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दारात कोण आलंय. ओरडून माणूस इतकंच सांगू शकतो. बाबा मात्र रोज चहानंतर तिच्याशी हळू बोलायचे. ते काय बोलायचे ते मला कधीच कळलं नाही. शेजारच्या खोलीत फक्त तिची उत्तरं यायची. "हो का", किंवा "तुमचं आपलं काहीतरीच".

काही दिवसांपासून तिच्या हेडफोनमध्ये गुणगुण येत होती, तीच बाबा शोधत होते. संध्याकाळी ते टेबलाखालून निघाले, पडद्यावर बराच वेळ काहीतरी करत बसले, मग मशीन बंद करून आईच्या कानाशी ओरडले, "आज सुट्टी. उद्या बोलू."

"चला, एक दिवस तरी शांतता," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्समध्ये एकालाच बसता येत होतं. शिवाय दवाखान्यात आईला प्रत्येक गोष्ट ओरडून कोण सांगणार, म्हणून ती घरी राहिली. दुपारी बाबा गेले. मी घरी आले आणि आईला ते ओरडून सांगितलं. समोरच्या घराची खिडकी उघडली.

मग लोक आले. जो तो तिच्या कानाशी वाकून मोठ्याने धीर देत होता. शांतपणे गेले हो, तुमचंच नाव घेत होते. ती मान हलवत होती. सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "तिथे काय झालं ते सांग."

मी तोंड उघडलं. ते ओरडून सांगता येईना. मी वही ओढली आणि लिहायला लागले, तर तिने हात आडवा घातला.

"कागदावर नको. मला काय नोटीस बजावतेस?" मग तिने टेबलाकडे बोट केलं. "त्याच्यावरून सांग."

मी मशीन सुरू केलं. आवाज नाही. सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर एकच नाव होतं, मॉनिटरचं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही. हेडफोन, माइक, जे कनेक्टर त्या यादीत असायचे, त्यातलं काही नव्हतं. मी टेबलाखाली शिरले. मागची गुलाबी, हिरवी, निळी भोकं जागच्या जागी होती आणि वायरी घट्ट बसलेल्या.

दादाला फोन केला. तो परदेशातल्या त्याच्या ऑफिसात होता.

"पुसून टाक सगळं आणि नवीन घाल," तो म्हणाला. "नाहीतर मी नवा कॉम्प्युटर पाठवतो."

"आणि आईची पट्टी?"

"कसली पट्टी?"

मी विषय बदलला. ती पट्टी त्या मशीनमध्ये नेमकी कुठे साठवली आहे हे मलाही माहीत नव्हतं. पुसलं तर ती गेली असती. तरी एक नवा हेडफोन आणून माझ्या लॅपटॉपला लावून पाहिला. आईने तो घातला, माझं एक वाक्य ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिला.

"पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटतं."

मग मी इंटरनेटवर वाचायला लागले. अनोळखी लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं, काही भांडणं, काही खूप प्रेमळ. त्यातून काळ्या खिडकीत कमांड कशा द्यायच्या ते कळलं. पहिल्यांदा मी विचारलं, आवाजाची चिप मेली आहे का? मशीनने तिचं नाव सांगितलं. जिवंत होती. तिला चालवणारा ड्रायव्हर लोड झाला होता. काही म्यूट नव्हतं. लिनक्सच्या आधीच्या आवृत्तीवर सुरू करून पाहिलं, तेच. चिप धडधाकट होती, फक्त तिच्याखाली एकही कनेक्टर नव्हता. जीभ शाबूत असलेल्या माणसाला तोंडच नसावं तसं.

आई समोरच्या खुर्चीत बसून हे बघत होती. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी म्हणाली, "शेवटी काय शोधत होते ते?"

"गुणगुण!" मी ओरडले.

"मग सगळं तोडून ठेवलं असेल."

मी वळून बघितलं.

"अगं, कामाची रीतच ती त्यांची. लाइनीत खरखर आली की आधी सगळ्या जोडण्या सोडायच्या. मग एकेक करून जोडायचं आणि कान लावायचा. ज्या जोडणीला खरखर परत येईल ती चोर. एकदा अख्खी गल्ली मुकी करून घरी जेवायला आले होते. साहेबाचा फोनसुद्धा त्यात." ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पण वायरी जागेवर आहेत सगळ्या!"

"वायरी कशाला सोडतील? वाकून वाकून कंबर गेली होती. पडद्यावर काहीतरी करत बसले होते नाही का?"

त्यांच्या प्रोग्रॅमच्या यादीत एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. त्यात चिपचं प्रत्येक भोक रंगासकट आणि जागेसकट मांडलेलं, आणि त्याने काय काम करायचं ते पुढे निवडायचं. मागचं हिरवं, नॉट कनेक्टेड. मागचं गुलाबी, नॉट कनेक्टेड. निळं, पुढची दोन, सगळ्यांपुढे तेच. एकही कनेक्टर हरवला नव्हता. बाबांनी आपल्या हाताने सगळे सोडून ठेवले होते, त्यांच्या पद्धतीने, आणि पुढचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं होतं.

मी पडदा आईकडे वळवला.

मग आम्ही दोघींनी काम सुरू केलं. आधी हिरवं, म्हणजे तिचा हेडफोन. दरवेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागत होतं. यादीत हेडफोन हे नाव परत आलं. आई हेडफोन घालून, डोळे मिटून बसली आणि मान हलवली, गुणगुण नाही. मग गुलाबी, म्हणजे माइक. नाही. निळं. नाही. पुढच्या बाजूची दोन जोडल्यावर तिने लगेच बोट वर केलं.

"हा बघ चोर."

ती दोन मी परत सोडून दिली आणि मशीन शेवटचं सुरू केलं. मग बाबांच्या खुर्चीत बसून माइक जवळ घेतला.

"आई."

ती दचकली. "ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये."

"हं." तिने दोन्ही हात कानांवर धरले. "येतंय. सांग आता."

मी सांगितलं. खोली कशी होती, इंजेक्शननंतर त्यांचं दुखणं कसं थांबलं, त्यांचा हात किती वेळ गरम होता. मध्ये कुठेही आवाज चढवावा लागला नाही.

"लोक म्हणाले तसं काही झालं नाही," मी म्हणाले. "ते बोललेच नाहीत गं. तुझं नाव नाही घेतलं."

"घेतील कसं? जन्मभर अगं म्हणाले नुसतं." तिने पदराने चष्मा पुसला आणि परत लावला. "आणि तू?"

"मी काय?"

"तू काय करत होतीस तिथे?"

"सह्या केल्या. दादाला फोन केला. त्यांचे कपडे घेतले."

"हे सगळं त्या दिवशी ओरडून सांगितलंस. मला ते नाही विचारायचं."

टेबलाच्या पलीकडून ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी माइक अजून थोडा जवळ ओढला.

"मला भीती वाटत होती, आई," मी म्हणाले. "मला तू हवी होतीस तिथे. त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी."